दावणीला बांधलेली सोय

विदर्भातल्या कोणत्याही गावच्या पारावर, कृषी केंद्रासमोरच्या बाकड्यावर किंवा तालुक्याच्या टपरीवर सध्या एक वाद हमखास ऐकू येतो. एक बाजू म्हणते, रेशन फुकट झालं, बायांच्या खात्यात महिन्याला दीड हजार पडायला लागले, तेव्हापासून माणूस जागचा हलेनासा झाला. पोटाला चटका बसल्याशिवाय कोणी वाट बदलत नसतो. दुसरी बाजू उसळून म्हणते, दोन वेळच्या भाकरीला सुख म्हणणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. इथे वाद थांबतो, कारण दोघांनाही जिंकल्यासारखं वाटतं. दोघंही सोयीचं माप काढत बसतात: किती मिळालं, जास्त की कमी. ती सोय कोणत्या अटीवर मिळते, हे मात्र कोणी विचारत नाही.

सुखसोयीमुळे माणसाचं आयुष्य आहे तिथेच अडकतं, हे खरं आहे. फक्त हे अडकणं जिथे दाखवलं जातं तिथे ते नाही. जागेवरून हललं की बंद पडणारी सोय माणसाला अडकवते. तो कुठेही गेला, काहीही पेरलं, कोणतंही काम धरलं तरी मिळत राहणारी सोय त्याला हलायचं बळ देते. दावणीत टाकलेल्या कडब्याने आणि चराईच्या रानाने बैलाचं पोट सारखंच भरतं. दावं मात्र एकाच ठिकाणी असतं. गावात दावं शोधायचं तर आधी विहीरवाल्याच्या, बगिचावाल्याच्या आणि पगारदाराच्या घरात शोधावं लागेल. रेशनच्या रांगेत ते फारसं सापडणार नाही.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा घ्या. २० बाय २० फुटांवर एकरी शंभर-एकशेदहा झाडं, विहीर किंवा बोअर, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, साधला तर वर्षाची रक्कम एकदम हातात. विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मानाने हा सुखवस्तू वर्ग. या पट्ट्यात बहुतेक बगिच्यांना आजही मोकाट पाणी दिलं जातं. आळ्यात पाणी सोडायचं, ते बुंध्याला भिडतं, एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात वाहतं. संत्र्याची झाडं ज्या डिंक्याने आणि मूळकुजीने वाळतात, त्या फायटोफ्थोरा बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत जातात. एक आजारी झाड अख्ख्या ओळीला रोग पाजतं, तो याच पाण्यातून. उपाय कृषी सहायक सांगून थकलेत. दुहेरी आळं करा: आतलं वरंब्याचं कडं खोडापासून दीड-दोन फुटांवर, बाहेरचं झाडाच्या घेरावर, आणि पाणी फक्त दोन कड्यांच्या मधे. खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. याहून चांगलं म्हणजे ठिबक. यातलं काहीही गुप्त नाही, परवडणार नाही असंही नाही. तरी का होत नाही?

कारण मोकाट पाणी सोपं आहे, आणि ते सोपं राहावं अशी सगळी व्यवस्था आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज मोफत आहे. वीज दिवसा-रात्रीच्या पाळ्यांनी येते, म्हणून पंपाला ऑटोस्विच लावलेला असतो: वीज आली की पंप आपोआप सुरू, गेली की बंद. रात्री दोनला वीज आली तरी शेतकरी झोपेत असतो आणि बगिचा भिजत असतो. ठिबकला ही चैन चालत नाही. दाब बघावा लागतो, फिल्टर धुवावा लागतो, क्षाराच्या पाण्याने ड्रिपर बुजले तर आम्ल सोडावं लागतं, खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात त्या जोडाव्या लागतात. अनुदान लहान शेतकऱ्याला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के आहे; पण बहुतेकदा पैसे आधी स्वतः घालायचे आणि अनुदान मागून खात्यात येण्याची वाट बघायची. विहिरीला पाणी आहे तोवर हा व्याप कोण ओढवून घेईल? वरुड-मोर्शीच्या भूजलाची अवस्था आता जगजाहीर आहे, शेतकरीच त्या भागाला ‘डार्क झोन’, म्हणजे पाण्याचा अतिउपसा झालेला भाग, म्हणतात. ज्याची बोअर सातशे फुटांवरही कोरडी निघाली तो ठिबककडे वळला. शेजाऱ्याच्या बोअरला अजून पाणी आहे, म्हणून तो तिथेच आहे. या मोफत विजेचा स्वभाव नीट बघा. ती शेतकऱ्याला मिळत नाही, त्याच्या पंपाला मिळते. पंप कमी चालवला तर त्याच्या हाती वाचलेला एक रुपयाही पडत नाही. पाणी वाचवणाऱ्याला शून्य आणि उधळणाऱ्याला सगळं, अशी ही सोय आहे.

दुसरं उदाहरण कपाशीचं, आणि ते अधिक बोचरं आहे, कारण त्यात एकाच्या सोयीची किंमत दुसरा मोजतो. डिसेंबर संपेपर्यंत कपाशीची उलंगवाडी करावी, म्हणजे हंगाम आटपावा, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, उपटून शेताबाहेर काढावी, बांधावर ढीग लावू नये, हे गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्ताचं पहिलं सूत्र. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. शेतात चार-पाच महिने कपाशी नसली की तिची साखळी तुटते. पण ज्याच्याकडे ओलिताची सोय आहे तो जानेवारीत एक पाणी आणि थोडा युरिया देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा बोंडं, धरतो. एकरी दोन-तीन क्विंटल कापूस जास्तीचा निघतो. नांगरट नाही, नवं बियाणं नाही, नवी पेरणी नाही. त्याच्या हिशोबाने हा फुकटचा कापूस. त्या फरदडीतली आणि पऱ्हाटीच्या ढिगातल्या किडक्या बोंडांतली अळी सुप्तावस्थेत थांबते आणि पुढच्या हंगामात पंचक्रोशीवर पसरते. ती आधी खाते कोरडवाहूवाल्याचं शेत, ज्याला फरदडीचं एक बोंडही मिळालेलं नसतं.

इथे बीटी बियाण्याचा, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बियाण्याचा, इतिहास आठवावाच लागतो. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ च्या सुमारास दोन जनुकांचा. पहिली काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरोखर घटल्या आणि माणसं निश्चिंत झाली. निश्चिंतपणाने पहिला घास घेतला तो शेत बघायच्या सवयीचा. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाणं यायचं, ते ‘आसरा पीक’ म्हणून शेताच्या कडेने लावायचं होतं, म्हणजे अळीमध्ये प्रतिकारशक्ती लवकर वाढली नसती. ती पाकिटं कितीकांनी धुऱ्यावर फेकली! मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावावेत, सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार करावा, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोन किडकी निघाली की करावा, हे सगळं माहीत असूनही गरज वाटेना. मग २०१७ चा हंगाम आला. बोंडअळीने शेतं पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हता हे लगेच सांगितलं पाहिजे. सहा-सहा महिने शेतात उभे राहणारे संकरित वाण विकणारे आणि आसरा पिकाची सक्ती कागदावर ठेवणारेही त्यात होते. पण ज्या बियाण्याने आराम दिला, त्याच बियाण्याने दुसरी वाट विसरायला लावली, एवढं तरी त्या वर्षाने सिद्ध केलं.

आता कोणी म्हणेल, कपाशी सोडा म्हणावं, दुसरं काही पेरा. सांगणं सोपं आहे. कपाशी सोडणाऱ्याच्या हातून नेमकं काय काय सुटतं ते मोजू. कृषी केंद्र जूनमध्ये बियाणं, खत, औषध उधार देतं आणि दसरा-दिवाळीनंतर माल विकला की चुकते करून घेतं. ही उधारी कपाशी-सोयाबीनवर मिळते. तुतीच्या बेण्यावर किंवा बांबूच्या रोपांवर मिळत नाही. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं; पण ते पीकवार दराने मंजूर होतं आणि ३१ मार्चच्या आत भरावं लागतं. म्हणजे जो बदल बारा महिन्यांत पैसा देत नाही, त्याला हे कर्ज नाही. संत्र्याचं कलम फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. दरवर्षी कर्जाचं नवं-जुनं करणाऱ्याने तेवढा काळ कोणाच्या भरवशावर काढायचा? पीक विमा अधिसूचित पिकांनाच. हमीभावाने कापूस सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, द्यायचा तर सातबाऱ्यावर कपाशीची नोंद हवी आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. पण केंद्र तरी आहे, २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हा भाव तरी जाहीर आहे. कपाशी परवडो न परवडो, तिच्याभोवती उधारी, कर्ज, विमा, खरेदी आणि अडत्याची ओळख असं पूर्ण घर बांधलेलं आहे. दुसऱ्या पिकाकडे जाणारा पीक बदलत नाही, घर सोडतो.

हे घर काल बांधलेलं नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. बाजार, सावकार, जिनिंग, रेल्वे, सगळं एका पिकाच्या सोयीसाठी उभं राहिलं. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणत आपण आजही त्या वैभवाची आठवण काढतो. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले. तरी ज्वारीखालचं रान कपाशीकडे वळतच राहिलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात या श्रीमंत मुलखाला धान्यासाठी बाहेर बघावं लागलं. भाव पडल्यावर लोक परत का फिरले नाहीत? त्यांना कळत नव्हतं म्हणून? कर्ज कपाशीवर मिळत होतं, सारा रोख भरायचा होता आणि रोख कपाशीच देत होती. शंभर वर्षांनी, १९७२ च्या हंगामापासून, राज्याने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका हा तिचा हेतू चांगला होता, आणि काही वर्षं तिने आधार दिलाही. पण हमखास एकच गिऱ्हाईक असल्यावर प्रत पाहून विकणं, गावातच रुई-सरकी वेगळी करणं, दुसरा बाजार शोधणं या कलांना कामच उरलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला, तेव्हा खुल्या बाजारात उभं राहायची सवय मोडलेली एक आख्खी पिढी तिथे उभी होती.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यांत जोरदार म्हणणं घेऊ. चटका बसल्यावरच माणूस बदलतो, याला पुरावे आहेत, आणि त्यातला एक वरच आलाय: बोअर आटली तेव्हाच ठिबक आलं. बोंडअळीने मारल्यावरच किती तरी शेतं सोयाबीनकडे वळली. मान्य. पण बोअर आटलेल्या सगळ्यांनी ठिबक लावलं का? ज्याच्या घरात एखादी शिक्षकाची नोकरी होती, ज्याने गेल्या बहाराचे पैसे राखले होते, त्याने लावलं. बाकीच्यांनी टँकरने दोन उन्हाळे झाडं जगवली आणि तिसऱ्या वर्षी कुऱ्हाड लावली. चटका दोघांना सारखाच बसला होता. चटक्याने पळायला सांगितलं, पण पळायला पाय ज्याच्याकडे होते तोच पळाला. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीच माणसं ऊस तुटण्याआधीच्या ओढाताणीच्या दिवसांत आणि तोडणीचे पैसे हातात आल्यावर, अशी दोनदा तपासली होती. ओढाताणीत असताना विचार करायच्या चाचण्यांत ती कमी पडली. माणसं तीच, डोकी तीच. उद्याच्या हप्त्याची चिंता असताना पाच वर्षांनंतरची योजना सुचत नाही, हे समजायला खरं तर अभ्यासाचीही गरज नव्हती. गावात पहिलं शेडनेट, पहिला शेततळ्याचा कागद, पहिला गोबरगॅस कोणाच्या वावरात दिसतो ते एकदा आठवा.

दुसरा आक्षेप मजुरांचा. तो खोटा नाही. वेचणीला बाया मिळत नाहीत, मेळघाटातून किंवा मध्य प्रदेशातून टोळ्या आणाव्या लागतात, त्यांच्या गाडीभाड्यासह वेचणीचा खर्च कापसाच्या भावाचा मोठा तुकडा तोडतो. पाच एकरवाला शेतकरी यात खरंच भरडला जातो, त्याच्या संतापाला नावं ठेवायचं कारण नाही. पण या संतापाचा हिशोब करू. वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास धरला तर दीड हजार रुपये म्हणजे दीडशे किलो वेचणी, भर हंगामातली चार-पाच दिवसांची मजुरी. रेशनवर माणशी पाच किलो, म्हणजे चौघांच्या घराला वीस किलो धान्य, लागणाऱ्या धान्याच्या साधारण निम्मं. एवढ्यावर महिना बसून खाता येतो असं म्हणणाऱ्याने एक महिना तसा काढून दाखवावा. एवढ्यात होतं ते इतकंच: अंगात ताप असताना, किंवा दर पाडून सांगितला तर, बाई ‘आज येत नाही’ म्हणू शकते. तिचं हे ‘नाही’ आपल्याला आळस वाटतं. राज्याची रोजगार हमी वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात पसरली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तेव्हाही बांधावर हीच तक्रार होती की मजूर आता ऐकत नाहीत.

आणि खरं तर, बदलले कोण? सालदाराची पद्धत आठवा. पाडव्याला साल ठरायचं: वर्षाची ठरीव रक्कम, वर काही पायली ज्वारी, लग्न-आजारपणाला उचल. मालकाच्या भाषेत सालदाराला कशाचीच चिंता नव्हती, वर्षभराचं पोट बांधलेलं. पण मधेच सोडलं तर उचल परत करावी लागे आणि ती तर पहिल्याच महिन्यात संपलेली असे. पुढच्या पाडव्याला बाकी पुढे ओढली जाई. विदर्भाच्या खेड्यात सोयीच्या नावाने चालणारं याहून घट्ट दावं दुसरं नव्हतं. ते तुटलं ते रोजगार हमीचं काम, रेशनचं धान्य आणि बुटीबोरीसारख्या ठिकाणचे कारखाने या सगळ्यांच्या मेळाने. आज सालदार मिळत नाही, कारण सालदाराचा मुलगा नागपुरात गवंड्याच्या हाताखाली लागला, पुण्याला वॉचमन झाला, गावातच तीनचाकी घेऊन भाजी फिरवू लागला. एका पिढीत धंदा, गाव आणि मालक, तिन्ही बदलले. ज्यांच्यावर न बदलल्याचा आरोप आहे त्यांनी गावातला सर्वांत मोठा बदल करून दाखवला. आरोप करणारा मात्र अजून ऑटोस्विच लावून झोपतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: न बदलणं हाच कित्येकदा शहाणपणा असतो. सफेद मुसळीच्या औषधी पिकाने किती जणांचे पैसे बुडवले, इमू पक्ष्यांचे पिंजरे कुठे कुठे रिकामे पडले, कडकनाथ कोंबड्यांच्या करारांत कोणाचे किती अडकले, हे शेतकऱ्याला पाठ आहे. बदलाचं भाषण करणाऱ्याचं काही जात नाही. फसलं तर शेत त्याचं नसतं. त्यामुळे ‘चाललंय ते बरं’ म्हणणाऱ्याला मूर्ख समजणं हा शहरी उद्धटपणा आहे. पण हे म्हणणं नीट ऐकलं तर तेही दाव्याकडेच बोट दाखवतं. इमूत गेलेला माणूस का बुडाला? त्याने अख्खी रक्कम एका डावात लावली, कारण त्याच्याजवळ दोनदा लावायला नव्हतीच. ज्याला चूक परवडते तो एका एकरात करून बघतो. टोकण पद्धतीने, म्हणजे एकेक बी टोचून, सोयाबीन लावून पाहायचं तर एका एकराला बियाणं निम्म्याने कमी लागतं, नुकसान झालं तरी ते एका एकराचं. ज्याला चूक परवडत नाही तो एकतर काहीच करत नाही किंवा सगळं पणाला लावतो. या दोन टोकांच्या मधली जागा अटीशिवायच्या आधाराने तयार होते.

शेतीबाहेर बघितलं तरी हेच. अमरावती, नागपूर, अकोला, यवतमाळच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं खेड्यांतून आलेली आहेत. ती मजुरांची कमी, आठ-दहा एकरवाल्यांची किंवा पगारदारांची जास्त. खोली, मेस, अभ्यासिका यांचे महिन्याचे सहा-सात हजार घरून येतात. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागास प्रवर्गाची ४३. म्हणजे संधी संपत नाहीत, आणि घरून पैसे येणं थांबत नाही. कितव्या प्रयत्नानंतर थांबायचं हे ठरवायची कोणालाच घाई नसते. या मुलांना आळशी म्हणणारे चुकतात. ती पहाटे पाचला खुर्ची धरतात. पण त्या पैशांची अट बघा. मुलगा ‘अभ्यास करतो’ म्हणतो तोवर ते येतात. ‘परीक्षा सोडतो, सोयाबीनचं क्लिनिंग-ग्रेडिंग युनिट टाकतो, वर्षभर तेवढेच पैसे द्या’ म्हटलं की बाप म्हणतो, त्यापेक्षा घरी ये. वर लग्नाचा बाजार आहेच: तयारी करणाऱ्याला स्थळ येतं, शेती करणाऱ्याला येत नाही. तिशी ओलांडलेला मुलगा सातव्या जाहिरातीची वाट बघतो, यात त्याच्या स्वभावाचा भाग किती आणि खात्यावर येणाऱ्या सशर्त पैशांचा किती?

दावं सोडलेली सोय काय करते, याचं विदर्भातलं सर्वांत बोलकं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या छोट्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभेने बांबू स्वतः तोडून विकायला सुरुवात केली, गावातच काम आणि गावाच्याच खात्यात पैसा. हातात हा आधार आल्यावर गावाने काय सोडलं? विडीसाठीचा तेंदूपत्ता. पूर्व विदर्भातल्या खेड्यांची उन्हाळ्यातली हमखास रोख कमाई! नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून झाडं छाटावी लागतात, रानाला आगी लावल्या जातात, हे नको म्हणून. उपाशी गावाला हा निर्णय घेता आला असता का? आणि बांबूचा पैसा ‘तेंदू तोडाल तरच’ या अटीवर आला असता तर?

म्हणून मागणी सोयी काढून घेण्याची नको, त्यांचं दावं सोडवण्याची हवी. विजेचंच घ्या. पंजाबने २०१८ पासून काही भागांत एक योजना चालवली: पंपाला युनिटचा ठरावीक कोटा, आणि त्यातून वाचवलेल्या दर युनिटमागे शेतकऱ्याच्या खात्यात चार रुपये. वीज मोफतच राहिली, पण पंप बंद ठेवण्यालाही किंमत आली. असं काही वरुड-मोर्शीत करायचं तर आधी चालू मीटर लागतील. आज किती तरी पंपांचं बिल अश्वशक्तीच्या अंदाजावर चालतं. मीटर म्हटलं की उद्या बिल येणार ही भीती शेतकऱ्याला वाटते, आणि ती अनाठायी नाही. तेव्हा पहिला हंगाम पैसे द्यायचे, कोट्याचा विषय नंतर काढायचा. पीक कर्जाला बारा महिन्यांऐवजी तीन वर्षांची मर्यादा आणि पिकाऐवजी जमिनीच्या प्रतीवर दर ठरवला तर कपाशीचं घर सोडणाऱ्याला निदान रस्त्यावर झोपावं लागणार नाही. तेलंगणाने २०१८ साली एकरी चार हजार रुपये हंगामाला दिले, कोणतं पीक घ्यायचं याची अट न घालता. त्यातली चूकही शिकण्यासारखी आहे: पैसे सातबारावाल्याला गेले, मक्त्याने, म्हणजे भाड्याने जमीन घेऊन, करणारा कोरडा राहिला. विदर्भात गावोगाव कित्येक जण मक्त्याने कसत असताना ती चूक इथे दुप्पट महाग पडेल.

शेवटचा आक्षेप येणारच: अटीशिवाय पैसे दिले तर लोक लग्नात आणि मोटारसायकलीत उडवतील. काही जण उडवतील. पीक कर्जाचे पैसेही आज मुलीच्या लग्नात, दवाखान्यात आणि जुन्या उधारीत जातात, हे बँकेच्या साहेबांपासून गटसचिवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. फरक एवढाच की सोसायटीच्या रजिस्टरात ते दीड हेक्टर कपाशी म्हणून लिहिलं जातं.